पोलनच्या गोळ्या वेगळ्या, पोळ्यातला पराग वेगळा

मधपेटी उघडली की चौकटीवर पिल्लांच्या नि मधाच्या मधल्या पट्ट्यात पिवळी, केशरी, कुठे तपकिरी भरलेली घरं दिसतात आणि बघायला आलेला माणूस हमखास विचारतो, बाटलीत विकतात ते पोलन हेच ना? नाही हो.

बाटलीतल्या गोळ्या म्हणजे माशी फुलावरून मागच्या पायांना चिकटवून आणते त्या, पराग थोड्या मकरंदाने ओला करून वळलेल्या. पेटीच्या दारात गोल भोकांची जाळी लावली की माशी अंग चोरून आत शिरते नि गोळी निसटून खालच्या खणात पडते. मेलीफेरासाठी, म्हणजे पेटीत पाळतात त्या युरोपीय माशीसाठी, भोक साधारण 5 मिलिमीटरचं असतं, आपली देशी माशी सातेरी लहान, ती त्यातून गोळीसकट आत जाते, तिला बारीक भोकाची जाळी लागते.

आणि जी गोळी आत पोचते तिचं पुढे वेगळंच होतं. ती रिकाम्या घरात पडते, दुसऱ्या माश्या डोक्याने ठासतात, त्यात मध नि लाळ मिसळते आणि मग ते आंबतं, अगदी आंबोळीच्या पिठासारखं, लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंमुळे, म्हणून चवीला आंबट आणि टिकाऊही. हे बी ब्रेड. पिल्लांना भरवणाऱ्या तरुण माश्या हेच खातात, त्यावरच त्यांच्या ग्रंथीत पिल्लांचं खाणं तयार होतं. हाताने पोळं पिळलं की हेच मधात उतरतं, मध गढूळ होतो आणि लोक म्हणतात माशीचा मधच खराब, मला खरंच वाईट वाटतं.

काढायची रीतही वेगळी. गोळ्यांमध्ये पाचवा हिस्सा तरी पाणी असतं, आपल्या दमट हवेत खणात राहिल्या की बुरशी आलीच, म्हणून रोज संध्याकाळी काढून 40 अंशांच्या आत वाळवायच्या, कडक उन्हात नको. बी ब्रेडसाठी पोळंच कापायचं, गोठवून मेण ठिसूळ करायचं, फोडून चाळायचं. मी ते करत नाही.

जाळीसुद्धा फुलोरा भरात असताना दोन-तीन दिवस लावायची नि काढायची. जून-जुलैत पाऊस माशीला बाहेर पडू देत नाही, तेव्हा पेटी पोळ्यातल्या साठ्यावर जगते, तो कमी पडला तर आपल्याच पेटीच्या वाळवलेल्या गोळ्या दळून साखरेच्या पाकात मळायच्या नि चौकटींवर ठेवायच्या, बाहेरून विकत आणलेल्या नको, रोग येतो. आणि माणसांनी खायचं तर परागाची ॲलर्जी असणाऱ्यांनी दोन्हीपासून लांबच राहावं, बाकीच्यांनीही पहिल्या दिवशी दोन-चार दाणेच घ्यावेत.