आयलेट प्रत्यारोपण : पहिल्या काही तासांतील हानीचा शोध

कॅनडातील एडमंटन येथे जेम्स शॅपिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइप १ मधुमेहाच्या सात रुग्णांमध्ये आयलेटचे, म्हणजे स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या सूक्ष्म पेशीपुंजांचे, प्रत्यारोपण केले आणि सातही जणांची इन्सुलिनची इंजेक्शने थांबली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधातील आणखी एक नोंद मात्र विचारात पाडणारी होती : एकाही रुग्णाला एकाच दात्याचे आयलेट पुरले नव्हते. निरोगी स्वादुपिंडात सुमारे दहा लाख आयलेट असतात. त्यांतले बरेच वेगळे काढतानाच वाया जातात हे खरे, तरी एवढ्यावरून तूट पुरती उलगडत नाही.

तिची काही मुळे पद्धतीतच आहेत. १९६७ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे पॉल लेसी यांनी कोलॅजिनेज या विकराच्या साहाय्याने उंदरांच्या स्वादुपिंडातून आयलेट सुटे केले, १९७२ मध्ये अशाच आयलेटच्या आधारे उंदरांचा मधुमेह आटोक्यात आणला गेला, आणि पुढच्याच वर्षी ते यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत सोडण्याची रीत पुढे आली, जी आजही रूढ आहे. सुटे होताना आयलेटचा रक्तवाहिन्यांशी असलेला संबंध तुटतो. नव्या केशवाहिन्या रुजायला साधारण दोन आठवडे लागतात आणि तोवर भोवतालातून झिरपेल तेवढ्याच ऑक्सिजनवर त्यांना तग धरावा लागतो. त्यातच आयलेटमधील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींमध्ये कॅटालेजसारखी संरक्षक विकरे मुळातच अत्यल्प असतात.

दाहाचा धागा दुसरीकडून आला. इंटरल्युकिन-१ हे दाहकारक प्रथिन आयलेटमधील पेशींना घातक ठरते, असे डेन्मार्कमधील संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवले. त्यांचा रोख मधुमेहाच्या कारणांकडे होता. पुढे १९९९ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील ऊले कोर्सग्रेन यांच्या गटाने दाखवून दिले की आयलेट ताज्या मानवी रक्तात मिसळताच रक्त गोठू लागते, रक्तातली कॉम्प्लिमेंट ही संरक्षक प्रथिने सक्रिय होतात आणि पांढऱ्या पेशी आयलेटमध्ये शिरतात. आयलेटमधूनच येणारे टिश्यू फॅक्टर हे रक्त गोठवणारे प्रथिन या प्रक्रियेला चालना देतो, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच, कारण तोवर मुख्य भर परक्या ऊतींवर तुटून पडणाऱ्या टी पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, हल्ला रोखण्यावर होता आणि ही हानी तर त्याआधीच, अवघ्या काही मिनिटांत, सुरू होत होती.

त्यामुळे रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनबरोबरच दाहरोधक औषधांचे महत्त्व वाढले. अमेरिकेतील मिनेसोटा येथील बर्नहार्ड हेरिंग यांच्या गटाने २००५ मध्ये आठ रुग्णांत एकेका दात्याच्या आयलेटवर इन्सुलिन बंद करून दाखवले. त्यांच्या उपचारक्रमात टीएनएफ या दाहकारक प्रथिनाला अटकाव करणारे एटानरसेप्ट हे औषध होते, पण इतरही बदल असल्याने सारे श्रेय त्या एकाच औषधाला देता येत नाही. पेशीमृत्यू घडवणाऱ्या कॅस्पेज विकरांना रोखणारी औषधे उंदरांत उपयुक्त ठरली. रेपॅरिक्सिन या दाहरोधक औषधाने प्रारंभी आशा दाखवली, मात्र मोठ्या चाचणीत त्याचा अपेक्षित लाभ दिसला नाही. उप्सालामध्येच अलीकडे जनुकीय बदल केलेले आयलेट रक्तप्रवाहात न सोडता एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत ठेवण्यात आले. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे न देताही ते जगले आणि इन्सुलिन स्रवू लागले, परंतु मात्रा मुद्दामच अल्प ठेवलेली असल्याने त्या रुग्णाची इंजेक्शने सुरूच राहिली.