समुद्राजवळ घर घेताय? आधी इमारतीखालची जमीन कुणाची ते विचारा

माझ्या मावशीनं मुंबईत वर्सोव्याला समुद्रापासून पाच मिनिटांवर पुनर्विक्रीतला फ्लॅट पसंत केला. तिनं टोकन दिलं, बँकेनं कर्जाचं तोंडी हो म्हटलं आणि मग कळलं की सोसायटीची जमीन सरकारी आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. ती परवानगी यायला सात महिने लागले. व्यवहार शेवटी झाला, पण त्या सात महिन्यांत घरातल्या कुणाला धड झोप नव्हती. फ्लॅट चांगला होता, विकणारेही सरळ होते. जमिनीचा कागद आधी कुणी मागितला नाही, एवढीच चूक झाली होती. दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

समुद्राकडच्या घरांची मागणी वाढण्याला कारणं आहेत. मार्च २०२४ पासून कोस्टल रोड टप्प्याटप्प्यानं सुरू झाला आणि वरळी ते मरीन ड्राइव्ह हे अंतर मिनिटांवर आलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पोचली. त्याच्याही आधी एक मोठा बदल झाला होता, ज्याची चर्चा कमी होते. किनाऱ्यालगतच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास वर्षानुवर्षं अडून होता, कारण तिथे वापरता येणारा एफएसआय, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात किती बांधता येतं तो निर्देशांक, १९९१ च्या पातळीवर गोठलेला होता. जानेवारी २०१९ च्या नव्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनं ती अट सैल केली आणि २०२१ मध्ये मुंबईचे नवे किनारा नकाशे मंजूर झाल्यावर ती प्रत्यक्ष लागू झाली. आज जुहू, खार, वरळीत जुन्या तीनमजली इमारती पाडून टॉवर उभे राहताना दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणून किनाऱ्याजवळ तुमच्यासमोर दोन प्रकारची घरं येतील: पुनर्विकासाची वाट पाहणाऱ्या जुन्या इमारतीतलं, किंवा बांधकाम चालू असलेल्या टॉवरमधलं. दोन्हींचे कागद वेगळे, पण पहिला प्रश्न एकच.

जमीन कुणाची?

सोसायटीकडून किंवा विकणाऱ्याकडून सिटी सर्व्हे क्रमांक घ्या आणि त्यावरून मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा. उपनगरातलं महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतं, शहर जिल्ह्यातलं नगर भूमापन कार्यालयातून. त्यावर धारकाचं नाव आणि सत्ताप्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्कानं धरली आहे ते, लिहिलेलं असतं. सोसायटीचं नाव असेल आणि सरकारी हक्काचा शेरा नसेल तर पुढे जा. अजून बिल्डरचं किंवा मूळ जमीनमालकाचं नाव असेल तर अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स झालेलं नाही. अशा इमारती मुंबईत खूप आहेत. घर घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण पुनर्विकासाच्या वेळी हाच कागद अडतो, हे धरून भाव ठरवा.

पत्रकावर सरकारचं नाव, 'भोगवटादार वर्ग २' (सरकारनं अटींवर दिलेली जमीन) किंवा भाडेपट्टा दिसला तर तिथेच थांबा. किनाऱ्यालगत भराव घालून तयार केलेल्या आणि सोसायट्यांना वाटलेल्या जमिनी बऱ्याच आहेत. कुठे सरकारी, कुठे म्हाडाच्या, कुठे महापालिकेच्या, तर कुलाब्याकडे बंदर प्राधिकरणाच्याही. मूळ वाटप आदेशाची प्रत मागा, ती सोसायटीच्या दप्तरात असायला हवी. सदस्य कोण होऊ शकतो, हस्तांतराला कुणाची परवानगी लागते, शुल्क कोण भरतं, सगळं त्यात असतं. सरकारी जमिनीवर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. त्यासाठी खरेदीदाराचं अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा पुरावा आणि इतरत्र घर आहे का याचं प्रतिज्ञापत्र मागितलं जाऊ शकतं. आधीच्या मालकानं स्वतः घेताना परवानगी घेतली होती का, हेही तपासा. घेतली नसेल तर ते नियमित करण्याचा भुर्दंड तुमच्या अर्जासोबत पुढे येतो. मावशीच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

सीआरझेडची रेषा

समुद्राच्या बाजूला उच्चतम भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली येतो. खाडीकाठी, २०१९ च्या नियमांप्रमाणे, ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल तेवढा. या पट्ट्यात घर घ्यायला बंदी नाही. आधीपासून विकसित शहरी भाग सीआरझेड २ मध्ये धरला जातो आणि तिथे सध्याच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतीच्या जमिनीकडच्या बाजूला बांधकाम करता येतं. खारफुटीचा भाग मात्र सीआरझेड १ मध्ये जातो. खारफुटी १००० चौरस मीटरपेक्षा जास्त पसरलेली असेल तर तिच्याभोवती आणखी ५० मीटरचा पट्टा राखीव असतो. लोखंडवालाच्या मागची बाजू, मालवणी, चारकोप, गोराई इथे हे आवर्जून बघा.

हे बघायचा सोपा मार्ग म्हणजे महापालिकेच्या संकेतस्थळावरून सिटी सर्व्हे क्रमांक टाकून विकास आराखडा २०३४ चा डीपी रिमार्क, म्हणजे त्या जागेवरचे महापालिकेचे शेरे, काढणे. थोडं शुल्क भरावं लागतं, पण आरक्षण, रस्तारेषा, सीआरझेडचा शेरा सगळं एकत्र दिसतं. नव्या प्रकल्पात याच्या जोडीला महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचं पत्र मागा आणि त्यातले सर्व्हे क्रमांक करारातल्या क्रमांकांशी ताडून पाहा.

मढ, एरंगळ भागात स्वस्तात बंगला मिळतोय असं कुणी सांगितलं तर फार सावध राहा. बांधकाम १९६४ च्या आधीचं, म्हणून चालणारं, आहे असं दाखवणाऱ्या बनावट भूमापन नकाशांचं प्रकरण तिथे उघड झालं आहे. 'जुना नकाशा आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका, नकाशाची प्रमाणित प्रत स्वतः अर्ज करून काढा. कोळीवाड्यातल्या घराबाबतही माझं मत स्पष्ट आहे. ती जागा पिढ्यान्‌पिढ्यांची, सामाईक हक्काची असते, भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) बहुधा नसतं आणि एका भावानं सही केली म्हणून बाकीच्यांचा हक्क संपत नाही.

कोण घेऊ शकतं

फ्लॅटसाठी अट साधी आहे: सज्ञान भारतीय नागरिक. अनिवासी भारतीय आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे) कार्डधारकही राहती घरं घेऊ शकतात, शेतजमीन नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाऊन अलिबागकडे जमीन बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला सर्वसाधारणपणे स्वतः शेतकरी असावं लागतं. तिथे सातबारा आणि बिनशेती आदेश (जमीन शेतीखेरीज वापरायची परवानगी) पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. गिरगाव, दादरमधल्या पागडीच्या खोल्यांत तुम्ही भाडेकरूचा हक्क घेता, मालकी नाही. घरमालकाची लेखी संमती हवीच.

इमारत आणि विकणाऱ्याचे कागद

जुन्या इमारतीसाठी भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि संरचनात्मक तपासणी अहवाल मागा. खाऱ्या हवेनं सळ्या लवकर गंजतात, प्लास्टर सुटतं आणि वरून रंग दिला की दिसत नाही. ३० वर्षांवरील इमारतीला ही तपासणी कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे 'अहवाल नाही' हे उत्तर स्वीकारू नका. जमलं तर पावसाळ्यात, साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती असलेल्या दिवशी, जाऊन या. त्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते. तळमजल्यावरच्या पंपाच्या खोलीत पाणी शिरतं का, ते वॉचमनला विचारा.

विकणाऱ्याकडून पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करारनामे साखळी न तुटता हवेत. सोबत प्रत्येकाची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), मूळ भागप्रमाणपत्र (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट), मालमत्ता कराची आणि देखभालीची पावती, कर्ज असेल तर बँकेचं थकबाकीपत्र. मधला मालक वारला असेल तर वारसांचे कागद आणि हक्कसोडपत्र बघा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वकिलाकडून ३० वर्षांच्या मालकीचा आणि व्यवहारांचा शोध अहवाल घ्या. बँक स्वतःचा अहवाल करते, पण तो तिच्या कर्जाच्या सुरक्षेसाठी असतो.

बांधकाम चालू असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाका आणि ताबा देण्याची तारीख, वाढवलेल्या मुदती, दावे वाचा. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे बिल्डरला ठामपणे सांगा.

पैशांचा हिशेब आणि नोंदणी

मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभार धरून ६ टक्के आहे. करारातली किंमत आणि रेडीरेकनरचं, म्हणजे सरकारनं ठरवलेलं, मूल्य यांतल्या मोठ्या आकड्यावर ते लागतं. घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर असेल तर ५ टक्के. नवऱ्याचं नाव जोडलंत की ही सवलत गेली. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. म्हणजे दोन कोटींच्या फ्लॅटला १२ लाख ३० हजार, एकट्या स्त्रीच्या नावावर १० लाख ३० हजार. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून, तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत ऑनलाइन भरायचा. विकणारा अनिवासी असेल तर दर वेगळा असतो, आधी सीएला विचारा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्यावर ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल तर १ टक्का.

शुल्क ऑनलाइन भरून, कराराची माहिती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधी भरा आणि वेळ घ्या. त्या दिवशी दोन्ही पक्ष, दोन साक्षीदार, सगळ्यांचे मूळ ओळखपत्र, पॅन कार्ड आणि मालमत्ता पत्रक लागतं. फोटो आणि अंगठ्याचे ठसे तिथेच घेतात. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत करार सादर करायलाच हवा, उशीर झाला तर दंड पडतो. नोंद झाल्यावर सूची क्रमांक २ वर तुमचं नाव, क्षेत्रफळ आणि सर्व्हे क्रमांक बरोबर आहेत का, ते तिथेच उभं राहून वाचा.

मग सोसायटी. आदर्श उपविधीनुसार हस्तांतराला सोसायटीचं ना-हरकत पत्र बंधनकारक नाही, विकणाऱ्यानं ठरावीक नमुन्यात आगाऊ सूचना द्यायची असते. बँक मात्र ते पत्र मागते, म्हणून घेतलेलं बरं. हस्तांतर अधिमूल्य २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. 'इमारत निधी'च्या नावानं त्यावर रक्कम मागितली तर लेखी मागणी द्या असं नम्रपणे सांगा. भागप्रमाणपत्रावर नाव चढलं की त्याची प्रत आणि सूची क्रमांक २ घेऊन वीज कंपनीकडे नाव बदलून घ्या. मालमत्ता कराचं देयक तुमच्या फ्लॅटचं स्वतंत्र असेल तर विभाग कार्यालयात अर्ज करा. पाण्याचं बिल बहुतेक ठिकाणी सोसायटीच्या नावावर असतं, तिथे काही करावं लागत नाही.