प्रास्ताविक, वक्तृत्वविश्लेषणात्मक निबंधाचे

भाषण, अग्रलेख, जाहिरात किंवा जाहीर पत्र यांतील मन वळवण्याची रीत तपासणाऱ्या निबंधाचा आरंभीचा भाग. मजकूर कोणाचा, कोणत्या प्रसंगी, कोणापुढे व कशासाठी आला हे सांगून तो आपला परिणाम कसा साधतो, याविषयीचे निबंधकाराचे प्रतिपादन येथे मांडले जाते. महाविद्यालयांत ‘इंट्रो’ हाच शब्द रूढ आहे.

या भागाचे मूळ कोठे शोधावे, याबद्दल दोन पक्ष संभवतात. पहिला ग्रीक-रोमन भाषणशास्त्राकडे जातो. ॲरिस्टॉटलच्या ऱ्हेटोरिक या ग्रंथात (इ. स. पू. चौथे शतक) भाषणाच्या आरंभाची चर्चा तिसऱ्या भागात येते. हा भाग त्याचाच का, अशी शंका एकोणिसाव्या शतकात घेतली गेली. आता बहुतेक अभ्यासक तो त्याचाच मानतात. विषय श्रोत्यांना ठाऊक आणि प्रकरण छोटे असेल, तर आरंभ लांबवण्याचे कारण नाही, असा त्याचा रोख आहे. रोमन वक्ता सिसरो याच्या तरुणपणीच्या दे इन्व्हेन्शिओने या ग्रंथात (इ. स. पू. पहिल्या शतकाचा पूर्वार्ध) श्रोत्याला अनुकूल, सावध व ग्रहणशील करणे हे आरंभाचे काम ठरते, श्रोता विरोधात असेल तर आडवाटेने शिरावे, असेही तेथे सांगितले आहे. साधारण त्याच काळातील, पूर्वी सिसरोच्याच नावावर चालणारा ऱ्हेटोरिका आद हेरेन्नियुम हा ग्रंथही थेट आरंभ आणि आडवाटेचा आरंभ हीच विभागणी देतो.

हे नियम मात्र भाषण करणाऱ्यासाठी आहेत, भाषण तपासणाऱ्यासाठी नव्हेत. दुसरा पक्ष म्हणून अमेरिकी विद्यापीठांतील भाषणसमीक्षेकडे पाहावे लागते. हर्बर्ट विचेल्न्स यांनी १९२५ मध्ये भाषणाचा विचार टिकाऊ सौंदर्यापेक्षा विशिष्ट श्रोत्यांवरील परिणामाच्या अंगाने करावा, असे मांडले. एडविन ब्लॅक यांनी १९६५ मध्ये या पद्धतीच्या साचेबंदपणावर टीका केली. लॉइड बिट्झर यांनी १९६८ मध्ये निकड, श्रोतृवर्ग आणि मर्यादा या तीन घटकांनी प्रसंगाची व्याख्या केली. आजच्या प्रास्ताविकातील ‘प्रसंग’ या कल्पनेला हीच मांडणी अधिक जवळची असल्याने दुसरा पक्ष ग्राह्य वाटतो. विषय, प्रयोजन, संबंध व अधिकारी (ग्रंथ वाचण्यास पात्र व्यक्ती) या शास्त्रग्रंथांतील अनुबंधचतुष्टयाशीही साम्य दाखवता येते. पण तेथील अधिकारी हा त्याच ग्रंथाचा वाचक असतो, तर येथे दुसऱ्याच्या मजकुराचा श्रोता ओळखायचा असतो.

श्रोता ओळखण्यातच बहुतेक प्रास्ताविके फसतात. मुंबई उच्च न्यायालयातील १९०८ चा टिळकांवरील राजद्रोहाचा खटला याचे बोलके उदाहरण आहे. २२ जुलैला ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवल्यानंतर, न्यायमूर्ती दावर यांनी काही सांगायचे आहे का असे विचारल्यावर टिळकांनी छोटे निवेदन केले. त्याआधी अनेक दिवस चाललेले बचावाचे भाषण ज्यूरीसाठी होते. या निवेदनाच्या वेळी ज्यूरीचे काम संपलेले होते. म्हणून ‘टिळक ज्यूरीचे मन वळवतात’ असे लिहिणारा निबंध पहिल्याच परिच्छेदात चुकतो. ‘निर्दोषत्वावर ठाम राहून टिळक न्यायासनाहून वरच्या शक्तीचा हवाला देतात आणि शिक्षेलाच कार्याचे साधन ठरवतात’ हे प्रतिपादन पुढच्या विश्लेषणाला दिशा देते. टिळकांच्या त्या निवेदनातील शब्द १९५६ पासून न्यायालयाच्या इमारतीत फलकावर आहेत. फलक हाच अभ्यासाचा मजकूर धरला, तर प्रसंग आणि श्रोता दोन्ही बदलतात व प्रास्ताविक नव्याने लिहावे लागते.

श्रोत्याप्रमाणे मजकूरही नेमका सांगावा लागतो. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरील अधिवेशनात गांधीजी हिंदुस्थानीत बोलले आणि इंग्रजीतही. त्यांपैकी कोणते भाषण घेतले आहे, हे प्रास्ताविकात यायलाच हवे.

वक्त्याच्या जन्मगावापासून सुरुवात करणे आणि इथोस (वक्त्याची विश्वासार्हता), पॅथोस (भावनेला आवाहन), लोगोस (युक्तिवाद) ही नावे नुसती ओळीने मांडणे हे नेहमीचे दोष. शालान्त परीक्षेसाठी कवितेचे रसग्रहण घोटलेल्या विद्यार्थ्याचे प्रास्ताविक बऱ्याचदा वक्त्याच्या स्तुतीकडे झुकते. लांबी सहसा एका परिच्छेदाची. अमेरिकेतील कॉलेज बोर्डाच्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट (शालेय विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयीन पातळीची) इंग्रजी भाषा परीक्षेत अशा निबंधाच्या ६ गुणांपैकी १ गुण प्रतिपादनाला असतो, आणि ते प्रास्ताविकातच असावे अशी सक्ती तेथे नाही.