इस्त्येरिका (रशियन शब्द)

रडणे, किंचाळणे आणि हसणे एकमेकांत मिसळून माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो, अशा भावनिक झटक्याला रशियन भाषेत ‘इस्त्येरिका’ म्हणतात. या स्त्रीलिंगी नामाचे मूळ ‘गर्भाशय’ या अर्थाच्या ‘हुस्तेरा’ या ग्रीक शब्दात आहे. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत स्त्रियांचे अनेक विकार गर्भाशयामुळे उद्भवतात असे मानले होते. ही समजूत निकालात निघाली, परंतु तिच्यावरून पडलेले ‘हिस्टेरिया’ हे नाव युरोपीय वैद्यकाच्या परिभाषेत टिकले आणि तेथून रशियनमध्ये आले. ‘ह’ ध्वनी असलेले परकीय शब्द घेताना रशियन भाषा अनेकदा त्याचा ‘ग’ करते, जसे ‘हीरो’चे ‘गेरोय’. येथे मात्र फ्रेंच उच्चाराप्रमाणे तो गळला आहे.

रोगाला ‘इस्तेरिया’ आणि झटक्याला ‘इस्त्येरिका’ असा भेद रशियनने नीट सांभाळला आहे. ग्रामीण रशियात अशा किंचाळणाऱ्या स्त्रीला ‘क्लिकूशा’ हा देशी शब्द होता, तिला भूतबाधा झाल्याचे मानत, आणि रशियाचा झार पीटर पहिला याने १७१५ मध्ये अशा स्त्रियांना धरून आणण्याचा हुकूम काढला.

या नामाच्या उच्चारातील आघात (जोर) दुसऱ्या अक्षरावर असून तो सर्व विभक्तींत तेथेच राहतो. झटक्यात सापडणे यासाठी ‘व’ या अव्ययानंतर द्वितीया येते (‘व इस्त्येरिकू’), तर झटक्यात तडफडत असणे यासाठी त्याच अव्ययानंतर अधिकरणवाचक रूप ‘इस्त्येरिके’ येते. गती आणि स्थिती यांतील हा फरक रशियन व्याकरणात सर्वत्र दिसतो. ‘तिला झटका आला आहे’ हे रशियनमध्ये ‘उ न्येयो इस्त्येरिका’ असे क्रियापदाविना सांगतात. मराठी जिथे चतुर्थी वापरते तिथे रशियन ‘उ’ (जवळ) हे अव्यय आणि षष्ठी योजते.

शिकणाऱ्याची खरी अडचण पुल्लिंगी ‘इस्त्येरिक’ (झटके येणारा पुरुष) या नामाशी होते. त्याचे एकवचनी षष्ठीचे रूप ‘इस्त्येरिका’, म्हणजे हुबेहूब झटक्याचे नाव; उलट झटक्याच्या नामाचे अनेकवचनी षष्ठीचे रूप ‘इस्त्येरिक’, म्हणजे हुबेहूब पुरुषाचे नाव. अर्थ संदर्भावरूनच ठरतो. स्त्रीसाठीचे ‘इस्तेरिच्का’ हे रूप तुच्छतादर्शक असून स्त्रीचा रास्त संताप उडवून लावण्यासाठीही ते सर्रास वापरले जाते. बोलीभाषेत ‘इस्तेरीत्य’ (आक्रस्ताळेपणा करणे) असे क्रियापदही रूढ झाले आहे.