सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमधले मिलिमीटर

कल्चर रिपोर्ट हातात आला की आपण 'एस' आणि 'आर' शोधतो. एस म्हणजे औषध लागू पडेल, आर म्हणजे जिवाणू त्याला दाद देणार नाही. काही प्रयोगशाळा शेजारी मिलिमीटरही छापतात. मग ज्याचा आकडा मोठा ते औषध जालीम, असा हिशेब सुरू होतो. तो साफ चुकीचा आहे.

रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेले जिवाणू आगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या पदार्थाच्या, थाळीवर सारखे पसरतात आणि वर अँटिबायोटिक मुरवलेल्या कागदी चकत्या ठेवतात. ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास १६ ते १८ तासांत जिवाणूंचा धुरकट थर चढतो. औषध पुरेसं पोचलं तिथे चकतीभोवती स्वच्छ गोल उरतो. त्याचा व्यास म्हणजे ते मिलिमीटर. आगरचा थर ४ मिलिमीटरच हवा. जाड झाला तर गोल लहान येतो. कर्बी-बाउअर नावाची ही पद्धत १९६६ सालची, आणि इतकी स्वस्त की आजही टिकून आहे.

पण गोल किती पसरेल हे औषध आगरमध्ये किती झिरपतं यावरही ठरतं. कोलिस्टिनचा रेणू बोजड, तो नीट पसरतच नाही. म्हणून इतर औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंसाठी राखून ठेवलेल्या या औषधाचा निकाल असा गोल मोजून देत नाहीत. वाढ थांबवायला किमान किती मात्रा लागते, ते द्रवात तपासतात.

एकाच औषधाची सीमारेषा, म्हणजे किती मिलिमीटरपासून 'एस' म्हणायचं तो आकडाही, कायमची नसते. टायफॉइडच्या जिवाणूसमोर सिप्रोफ्लॉक्सासिनचा २१ मिलिमीटरचा गोल पूर्वी 'एस' ठरायचा. भारतासह दक्षिण आशियात मात्र असे रिपोर्ट असूनही ताप लांबत होता, उपचार फसत होते. जिवाणूच्या एका जनुकातला बदल औषधाची धार कमी करत होता. गोल थोडा आक्रसायचा, पण जुन्या रेषेपेक्षा मोठाच राहायचा. अमेरिकेतल्या सीएलएसआय या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१२ साली ती रेषा ३१ मिलिमीटरवर नेली. जिवाणू तोच, गोल तोच, निकाल बदलला! प्रयोगशाळेपेक्षा रुग्णाचा ताप खरा मानला गेला, आणि माझ्या मते तेच रास्त होतं.

आता अनेक ठिकाणी टायफॉइडसाठी पेफ्लॉक्सासिनची चकती ठेवतात. ते औषध रुग्णाला द्यायचं नसतं; सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीतून निसटणारा तो बदल त्याच्या गोलात ठळक दिसतो, एवढंच.