खासगी छोटे विमान : निवड आणि वापर (पुणे परिसर)

खासगी छोटे विमान म्हणजे मालकाने स्वतःच्या व कुटुंबाच्या प्रवासासाठी बाळगलेले, भाड्याने न फिरवले जाणारे, बहुधा चार ते सहा आसनांचे पंख्याचे विमान. पुण्यात असे विमान घ्यायचे म्हटले की चर्चा इंजिन आणि वेगावर सुरू होते. खरे तर पहिला प्रश्न विमान उभे कुठे राहणार हा असतो.

लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि नागरी टर्मिनल त्याच्या एका कडेला आहे. सुमारे अडीच किलोमीटरची धावपट्टी छोट्या विमानाला गरजेपेक्षा कितीतरी लांब पडते. अडचण असते ती वेळेची आणि जागेची. लढाऊ विमानांचा सराव आणि प्रवासी कंपन्यांची उड्डाणे यांच्यामधल्या फटीत खासगी मालकाला आपली वेळ शोधावी लागते. बारामतीची धावपट्टी प्रशिक्षण संस्थांमुळे जागती असते, पण ती पुण्यापासून रस्त्याने सुमारे 100 किलोमीटर; म्हणजे विमानापर्यंत पोहोचायलाच दोन तास. हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डीजीसीए) ग्लायडिंग केंद्र आहे. बिनइंजिनाच्या विमानात बसून उडण्याची चटक लागायला ते उत्तम, पण तिथे आपली गाडी लावावी तसे विमान लावता येत नाही.

रोजच्या ये-जा करण्याचे स्वप्न बहुतेकांना मुंबईसाठी पडते आणि नेमके तिथेच ते फसते. हवेतले अंतर जेमतेम 120 किलोमीटर. त्यासाठी लोहगाव गाठा, सुरक्षा तपासणी करा, विमान तपासा, परवानगीची वाट पाहा, आणि उतरल्यावर पुन्हा अंधेरीच्या गर्दीत सापडा. जुहूची धावपट्टी 1,100 मीटरच्या आसपास असून तिथली वर्दळ मुख्यतः हेलिकॉप्टरची. एवढ्या वेळात द्रुतगती मार्गाने गेलेला माणूस बैठकीत चहा घेत असतो. विमानाचा खरा उपयोग 200 ते 600 किलोमीटरच्या टप्प्यात आहे. कोल्हापूर तासाभरात येते. नागपूर सरळ रेषेत सुमारे 620 किलोमीटर, म्हणजे सेसना 172 सारख्या विमानाला तीन तासांच्या आत.

वजनाचे गणित कुटुंबाने मांडलेच पाहिजे, कारण ‘चार आसनी’ हा शब्द फसवा आहे. सेसना 172 एस या विमानाचे उड्डाणावेळचे कमाल वजन 1,157 किलो. त्यातून रिकाम्या विमानाचे वजन वजा केले की माणसे, सामान आणि इंधन मिळून 400 किलोच्या आसपास उरतात. टाकीतले सुमारे 200 लिटर वापरण्याजोगे इंधन भरले की त्यातले 144 किलो गेले. उरले साधारण 255. बाबा 80, आई 65, आजी 60 आणि मुलगी 35 धरली तर 240 किलो होतात. आता रत्नागिरीहून येताना आजीने हापूसची एक पेटी घ्यायचा आग्रह धरला, तर तिच्यासाठीच जेमतेम जागा उरते आणि कपड्यांच्या बॅगा खाली राहतात. उपाय म्हणजे टाकी गळ्यापर्यंत न भरणे. विमान तासाला साधारण 35 लिटर पिते, त्यामुळे जवळच्या प्रवासाला पूर्ण टाकी लागतही नाही. पण हे गणित प्रत्येक उड्डाणाला नव्याने करावे लागते, आणि आजीला तिचे वजन विचारण्याचे धाडसही.

इंधनाचा प्रकार इंजिन ठरवतो. सेसना 172 किंवा सिरस एसआर 22 ला एव्हगॅस 100 एलएल हे निळसर शिसेयुक्त पेट्रोल लागते. इंडियन ऑइलने 2022 मध्ये वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात ते देशातच तयार करायला सुरुवात केली. त्याआधी ते आयात होत असे. तरीही मिळते ते मोजक्या ठिकाणी. उलट डायमंड डीए 40 एनजी आणि दोन इंजिनांचे डीए 42 ही डिझेल तत्त्वावरच्या इंजिनांची विमाने जेट ए-1 या प्रवासी विमानांच्या इंधनावर चालतात, आणि प्रवासी विमाने उतरतात तिथे ते बहुधा मिळते. पुण्याच्या मालकाला हा फरक वेगातल्या दहा-वीस नॉटपेक्षा महत्त्वाचा वाटायला हवा. एसआर 22 च्या बाजूने बोलते ती तिची पॅराशूट: संकटात अख्खे विमान छत्रीला लटकून खाली येते. घरच्यांची संमती मिळवताना हा मुद्दा बराच चालतो.

लोहगाव समुद्रसपाटीपासून 1,942 फुटांवर आहे. मे महिन्याच्या दुपारी पारा 40 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांच्या वर असल्यासारखे वाटते. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाची ताकद सुमारे 15 टक्क्यांनी घटते आणि विमान रेंगाळत चढते. म्हणून उन्हाळ्यात भरल्या विमानाने सकाळीच निघावे.

पश्चिमेला घाट आहे. एकुलते एक इंजिन बंद पडले तर सेसना जमिनीपासून पाच हजार फुटांवरून तेरा-चौदा किलोमीटर तरंगत जाऊ शकते. दौंड-इंदापूरकडे तेवढ्यात एखादे मोकळे शेत सापडेल. मुळशी-ताम्हिणीच्या डोंगरांत आणि धरणांत उतरायचे कुठे? कोकणात नेहमी जाणाऱ्याने दोन इंजिनांचा विचार करावा तो यासाठी. जून ते सप्टेंबर ढग घाटमाथ्याला टेकलेले असतात आणि नजरेने उडणाऱ्याला तो रस्ता बंदच असतो.

खासगी वैमानिकाच्या परवान्याला वय 17, दहावी उत्तीर्ण, वैद्यकीय तपासणी आणि किमान 40 तासांचे उड्डाण लागते. तेवढ्यावर ढगांत शिरता येत नाही, आणि नजरेने केलेले उड्डाण सूर्यास्तानंतर 20 मिनिटांच्या आत आटपावे लागते. संध्याकाळी काम संपवून घरी उडत येण्याचा बेत असेल तर उपकरणांवर उडण्याचे रेटिंग घ्यावेच लागते, नाहीतर पगारी वैमानिक ठेवावा. बाहेरगावच्या प्रवासाला फ्लाइट प्लॅनबरोबर हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक आणि उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांकही मिळवावा लागतो. नव्या मालकांना नियमांपेक्षा या फोनाफोनीचा जास्त कंटाळा येतो.

वैयक्तिक वापराच्या विमानावर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. त्यामुळे अनेकांची नजर जुन्या विमानाकडे वळते. तिथे रंग आणि गाद्या नंतर पाहाव्यात, आधी लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची आणि दुरुस्त्यांची नोंदवही, वाचावे. 172 एस मधल्या लायकॉमिंग इंजिनाला 2,000 तासांनी किंवा 12 वर्षांनी पूर्ण दुरुस्ती सुचवलेली असते. कमी तास उडालेले विमान चांगलेच, असे नाही: या इंजिनात झडपा हलवणारे कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असते, विमान नुसते उभे राहिले की तेल ओघळून खाली जाते आणि दमट हवेत त्यावर गंज धरतो. लॉगबुकात लागोपाठ तीन-चार पावसाळ्यांत एकही उड्डाण नोंदलेले नसेल, तर आत काय झाले असेल ते इंजिन उघडूनच पाहावे लागते. आपल्या विमानावर ही वेळ येऊ नये म्हणून जाणते मालक श्रावणात उघडीप मिळाली की अर्धा तास हवेत फेरी मारून, तेल नीट तापवून, मगच ते परत हँगरमध्ये लावतात. जागेवर इंजिन चालू करून बंद केले तर तेल पुरते तापत नाही आणि आतली ओल तशीच राहते.