समुद्रतळाची केबल भूकंप कसा ऐकते?

मार्च 2018. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगहून माँटेरे उपसागरात उतरलेली 52 किलोमीटरची संशोधन-केबल देखभालीसाठी बंद होती. भूवैज्ञानिकांनी ती संधी साधली. किनाऱ्यावरच्या टोकाला एक लेसरयंत्र जोडलं आणि चार दिवस पहिल्या 20 किलोमीटरकडून सुमारे 10 हजार भूकंपमापकांचं काम करून घेतलं. गिलरॉयजवळचा 3.4 तीव्रतेचा भूकंप तर टिपला गेलाच, पण समुद्रतळावरचे तोवर नकाशात नसलेले भ्रंश, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतात त्या भेगाही सापडल्या.

हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो, ‘म्हणजे केबलमध्ये दर दोन मीटरवर सेन्सर बसवलेले असतात का?’ नाही. आत नुसती काच असते, आणि त्या काचेतला दोषच इथे कामाला येतो.

सुमारे 2000 अंश सेल्सिअसला तापवलेल्या काचेच्या कांडीतून केबलमधला हा काचेचा तंतू ओढतात. तापलेल्या काचेत कणांची दाटी जागोजागी कमीजास्त होत असते. तंतू झटकन थंड होतो आणि ती विषम दाटी तशीच गोठते. तिच्यावरून जाताना प्रकाश थोडा थोडा सगळीकडे विखुरतो. आकाश निळं दिसतं तेही याच रॅले विकिरणामुळे. विखुरलेल्यातला अगदी नगण्य अंश तंतूतूनच मागे फिरतो.

काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. लेसरच्या प्रकाशाचा स्पंद, म्हणजे क्षणभराचा झोत, सोडल्यावर 100 मायक्रोसेकंदांनी परत आलेला प्रकाश 10 किलोमीटरवरून आला, हा हिशेब सोपा आहे. घरची फायबर तुटली की तंत्रज्ञ ओटीडीआर ही परतलेल्या प्रकाशाची वेळ मोजणारी पेटी जोडून नेमकी जागा सांगतो, तोही असाच.

पुढचा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो. एका क्षणी परतणारा प्रकाश एकाच बिंदूतून येत नाही. स्पंद 10 नॅनोसेकंदांचा असेल, तर तो सुमारे मीटरभर तुकड्यातल्या असंख्य ठिकाणांहून येतो. लेसर एकरंगी असल्याने या सगळ्या लहरींची बेरीज होते. कुठे शिखरावर शिखर पडतं, कुठे शिखरावर दरी. ही बेरीज यदृच्छ असते, पण केबल स्तब्ध असेल तर प्रत्येक स्पंदाला तीच येते. बोटांच्या ठशांसारखा प्रत्येक तंतूचा स्वतःचा ठसा असतो.

आता जमीन हलली आणि दहा मीटरचा तुकडा फक्त 10 नॅनोमीटरने लांबला. पलीकडच्या टोकाहून येणाऱ्या प्रकाशाला ही जादा वाट जाताना आणि येताना अशी दोनदा कापावी लागते. 1550 नॅनोमीटर तरंगलांबीला दोन टोकांच्या लहरींमधलं कलांतर, म्हणजे त्यांची शिखरं एकमेकींच्या किती पुढेमागे आहेत ते, त्यामुळे सुमारे 5 अंशांनी बदलतं आणि ते मोजता येतं. सेकंदाला शेकडो-हजारो स्पंद सोडून हा बदल टिपत गेलं, की त्या तुकड्याचा भूकंपालेख हाती येतो.

जिथे लहरी एकमेकींना जवळपास खोडून काढतात, तिथे मात्र परतणारा प्रकाशच उरत नाही आणि मोजलेली कला म्हणजे नुसता गोंगाट. लेसरची वारंवारता किंचित बदलली की शिखरं-दऱ्यांची जुळणी बदलते आणि तो मुका तुकडा बोलू लागतो.

परतणाऱ्या प्रकाशाचा आणखी क्षीण अंश रंग बदलून येतो. 28 फेब्रुवारी 1928 ला कोलकात्यात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना दिसलेला परिणाम तो हाच. काच तापली की त्यातला जास्त ऊर्जेचा भाग वाढतो, म्हणून तीच केबल मीटरामीटराचं तापमानही सांगू शकते.

पण ही केबल भूकंपाचं भाकीत करत नाही. भूकंपाची जागा, वेळ आणि तीव्रता आधी सांगणारी खात्रीची पद्धत आज कुणाकडेच नाही, ना पंचांगाकडे, ना लेसरकडे. तसा दावा करणारे व्हॉट्सॲपवरचे संदेश कृपा करून पुढे पाठवू नका. ही केबल धक्का बसल्यावरच ऐकते, आणि तेही सगळ्या दिशांनी सारखं नाही. तिला कळतं ते स्वतःच्या लांबीच्या दिशेचं ताणणं. भूकंपाची सर्वांत आधी पोचणारी प्राथमिक लहर जमीन स्वतःच्या प्रवासाच्या दिशेनेच पुढेमागे हलवते; ती काटकोनात आडवी आली तर केबलला जेमतेम ताणते, म्हणून अगदी सरळ टाकलेल्या केबलपेक्षा वळणं घेत गेलेली केबल जास्त दिशांचं ऐकते.